रुग्णालयाच्या उंबरठ्यापलीकडे : अकाली जन्मलेल्या बालकांच्या घरगुती आहारविषयक मार्गदर्शनाची चिकित्सा

सारांश

अकाली जन्मलेले बालक रुग्णालयातून घरी येते तेव्हा त्याच्या उपचाराचा एक टप्पा संपतो. आहाराचा प्रश्न मात्र त्याच दिवशी नव्याने सुरू होतो. या टप्प्यासाठी उपलब्ध असलेले वैद्यकीय आणि शासकीय मार्गदर्शन आशयाच्या दृष्टीने बहुतांशी योग्य आहे. तथापि त्याची भाषा, त्याची कालगणना आणि त्याने गृहीत धरलेली माता या तिन्ही बाबी तपासून पाहण्याची गरज आहे. प्रस्तुत लेखात या मार्गदर्शनातील संज्ञा, वेळापत्रके आणि गृहीतके यांची चिकित्सा केली असून पारंपरिक बालसंगोपनाशी असलेला त्यांचा संबंधही तपासला आहे.

बीजसंज्ञा : अकाली जन्म, मातृदुग्ध, कांगारू मातृसेवा, सुधारित वय, उष्टावण, गृहभेट.

प्रस्तावना

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकास अकाली जन्मलेले बालक म्हटले जाते. २०२० या वर्षी जगात अशा सुमारे १ कोटी ३४ लाख बालकांचा जन्म झाला आणि त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्याही एका देशातील ही सर्वांत मोठी संख्या आहे. नवजात शिशू काळजी कक्षांच्या विस्तारामुळे पूर्वी जी बालके वाचत नसत, ती आज वाचतात. ही समाधानाची बाब होय. परंतु वाचलेले बालक दीड-दोन किलो वजनाचे असतानाच घरी येते आणि त्याच्या वाढीची जबाबदारी यंत्रांकडून व प्रशिक्षित परिचारिकांकडून एका थकलेल्या बाळंतिणीकडे येते. हे हस्तांतरण कोणत्या शब्दांत होते, याचा विचार वैद्यकशास्त्राने फारसा केलेला नाही आणि मानव्यविद्यांनी तर तो आपला विषयच मानलेला नाही. म्हणूनच या मजकुराकडे एक संहिता म्हणून पाहणे उपयुक्त ठरते.

१. संज्ञांचा प्रश्न : स्तनपान आणि मातृदुग्ध

मराठीत अशा बालकासाठी ‘सातमाशी’, ‘आठमाशी’, ‘अपुऱ्या दिवसांचे’ असे शब्द परंपरेने रूढ आहेत. ‘मुदतपूर्व’ आणि ‘अकालप्रसूत’ हे शब्द शासकीय व वैद्यकीय व्यवहारातून आले. यांतील ‘अपुऱ्या दिवसांचे’ हा लोकभाषेतील शब्द अधिक अर्थवाही आहे. बालकात काही दोष नसून त्याचे दिवस तेवढे कमी पडले आहेत आणि ते भरून काढावयाचे आहेत, हा आशय त्यात सामावलेला आहे. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत बालकाच्या शरीरात लोह, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा साठा होतो. जे बालक आधीच जन्माला येते, त्याचा हा साठा अपुरा राहतो. म्हणजे लोकभाषेतील शब्द आणि शरीरशास्त्र येथे परस्परांच्या जवळ येतात.

याउलट ‘केवळ स्तनपान’ ही आरोग्यप्रसाराची सर्वांत परिचित संज्ञा या बालकांच्या संदर्भात अपुरी पडते. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणपणे ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्यापूर्वी जन्मलेल्या बालकास आईचे दूध नळीने, नंतर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे लागते. घरी आल्यावरही काही आठवडे त्याचे काही पाजणे अंगावर आणि काही वाटी-चमच्याने होत असते. या काळात बालक आईचेच दूध पीत असते, पण रूढ अर्थाने ते पूर्णपणे ‘अंगावर’ नसते. ज्या मातेने केवळ ‘स्तनपान’ हाच शब्द ऐकलेला असतो, तिला पिळून काढलेले दूध हे कमी प्रतीचे, जणू पराभवाचे दूध वाटण्याचा संभव असतो. वास्तविक अशा बालकासाठी ‘आईचे दूध’ आणि ‘अंगावर पाजणे’ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली तत्काळ आवश्यक आहे. दुसरी हळूहळू साध्य होणारी आहे. हा भेद सांगणारी सोपी मराठी प्रसारपत्रकांतून घडावयास हवी होती. ती अद्याप पुरेशी घडलेली नाही.

येथे बोंडल्याचा विचार उद्बोधक ठरतो. चोच असलेले हे छोटे भांडे एकेकाळी मराठी घराघरांत असे. बाटलीच्या प्रसाराबरोबर ते अडगळीत गेले. नवजात शिशू कक्षात आज ‘पलाडाई’ या दाक्षिणात्य नावाने जे साधन वापरले जाते, ते जवळजवळ तेच आहे. बाटली व निपल यांच्या तुलनेत ते स्वच्छ करणे आणि उकळणे सोपे असते. जी वस्तू आजीने वापरलेली आहे, तिचे नाव घेऊन शिकविले तर आजी ही विरोधक न राहता सहायक होऊ शकते. परभाषेतील नावाने तीच वस्तू रुग्णालयाची, म्हणून परकी होते.

२. वेळापत्रकाकडून मागणीकडे

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अकाली जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बालकांविषयी नव्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतील एक शिफारस या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकास रुग्णालयात असेपर्यंत ठरावीक वेळेनुसार दूध देण्याचा विचार करावा, असे ती सुचविते. ‘घरी सोडेपर्यंत’ ही तिची कालमर्यादा आहे. त्यानंतर बालकाने दिलेल्या खुणा ओळखून पाजावे, अशी अपेक्षा यातून सूचित होते.

शास्त्रीयदृष्ट्या ही अपेक्षा रास्त आहे. परंतु व्यवहारात एकाच दिवशी घड्याळ काढून घेतले जाते आणि त्याच्या जागी बालकाची भूक ओळखण्याचे कौशल्य असल्याचे मानले जाते. अपुऱ्या दिवसांचे बालक पुष्कळदा भुकेनेही रडत नाही. ते झोपून राहते. ‘रडल्यावर पाजावे’ हा पूर्ण दिवसांच्या बालकाला लागू पडणारा सल्ला येथे घातक ठरू शकतो. बालकाचे ओठ हलणे, जीभ बाहेर येणे, हात तोंडाकडे जाणे या आधीच्या खुणा असतात; रडणे ही शेवटची खूण होय. आणि खुणाच न देणाऱ्या बालकास दर दोन-तीन तासांनी जागे करून, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. म्हणजे वेळापत्रक एकदम संपत नाही. ते हळूहळू मागे सरते. हा मधला काळ किती दिवसांचा, कोणत्या चिन्हांवरून तो संपला असे समजावे, हे सांगणारे वाक्य बहुतेक पत्रकांत नसते. ‘वारंवार पाजावे’ या दोन शब्दांत ते सारे कोंबलेले असते.

मराठी सूचनापत्रकांतील विध्यर्थी क्रियापदांचाही येथे विचार करावा लागेल. ‘पाजावे’, ‘ठेवावे’, ‘टाळावे’, ‘दाखवावे’ या रूपांत कर्ता बोलून दाखविण्याची गरज नसते. कर्ता लुप्त झाला की जबाबदारीचे वाटप दिसेनासे होते. रात्री दोन वाजता बालकास जागे कोणी करावे? वाटी-चमचा कोणी उकळावा? आई दूध पिळत असताना बालकास कोणी छातीशी धरावे? व्याकरण उत्तर देत नाही आणि घर एकच उत्तर देते : आईने. या सूचना निष्पक्ष दिसतात, पण त्यांच्या रचनेतच श्रमविभागणीचा एक निर्णय दडलेला असतो.

३. कांगारू पद्धतीचे विसरलेले तिसरे अंग

कांगारू मातृसेवेचा उगम कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये झाला. डॉ. एदगार रे सानाब्रिया आणि त्यांचे सहकारी डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी उष्णतापेट्यांचा तुटवडा, गर्दी आणि संसर्ग यांवर उपाय म्हणून ही पद्धत अवलंबिली. तिची मुख्य अंगे तीन होती : त्वचेला त्वचा लावून बालकास धारण करणे, शक्यतो आईच्याच दुधावर पोषण करणे आणि लवकर घरी पाठवून काटेकोर पाठपुरावा करणे.

या तीन अंगांचा प्रवास सारखा झाला नाही. पहिल्या अंगाला भरपूर प्रसिद्धी मिळाली. छातीशी बालक धरलेल्या मातेचे चित्र भित्तिपत्रकांवर सर्वत्र दिसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात जन्मानंतर तत्काळ कांगारू सेवा सुरू केल्यास नवजात मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असे आढळले. हरियाणात घरीच ही सेवा सुरू करण्याविषयीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५०० ते २२५० ग्रॅम वजनाच्या बालकांमधील पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंत ३० टक्के घट दिसली. दुसऱ्या अभ्यासाचे महत्त्व असे की तेथे रुग्णालयाच्या भिंतींची गरज पडली नाही. घरी येऊन शिकविणाऱ्या व पुन्हा पुन्हा येणाऱ्या कार्यकर्त्यांची मात्र गरज पडली.

तिसरे अंग, म्हणजे घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा, हे मूळ पद्धतीत उपकार म्हणून जोडलेले नव्हते. ती लवकर घरी सोडण्याची अट होती. आपल्याकडे अनेकदा लवकर घरी सोडणे स्वीकारले गेले आणि अट सैल झाली. खाटांच्या कमतरतेमुळे घरी सोडणे आणि कांगारू पद्धतीने घरी सोडणे यांत बाह्यतः फरक दिसत नाही. फरक असतो तो पुढच्या आठवड्यात बालकाचे वजन कोणी घेतले, यात. दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढत आहे किंवा नाही, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी काटा लागतो आणि तो काटा वाचणारी व्यक्ती लागते.

४. गडचिरोलीचा वस्तुपाठ आणि बेचाळीस दिवसांची मर्यादा

या बाबतीत महाराष्ट्राने जगाला एक वस्तुपाठ दिला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करून घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली गेली. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेने ६२ टक्के घट झाली. घर हे उपचाराचे दुय्यम स्थान नसून पूर्ण स्थान असू शकते, हा या प्रयोगाचा तात्त्विक गाभा होय.

२०११ मध्ये हीच संकल्पना आशा स्वयंसेविकांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. संस्थेत जन्मलेल्या बालकाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी अशा सहा भेटी ठरल्या. २०१८ मध्ये त्यापुढील काळासाठी ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यातील पाच भेटींची जोड मिळाली. विशेष कक्षातून घरी आलेल्या आणि कमी वजनाच्या बालकांसाठी अधिक काळ पाठपुराव्याची तरतूदही करण्यात आली. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. तथापि त्यांची मूळ कालगणना पूर्ण दिवसांच्या बालकाची आहे.

एक उदाहरण घेऊ. ३२व्या आठवड्यात जन्मलेले बालक ४२व्या दिवशी ३८ आठवड्यांचे होते. म्हणजे मूळ वेळापत्रकातील अखेरच्या भेटीच्या दिवशी त्याच्या अपेक्षित जन्मतारखेला अजून दोन आठवडे अवकाश असतो. ते महिनाभर रुग्णालयात राहिले असेल तर त्या सहा भेटींपैकी एखादीच त्याच्या वाट्याला उरते. नियमित भेटींतील ४२ दिवस ते तीन महिने हे अंतर पूर्ण दिवसांच्या बालकासाठी विश्रांतीचे असेल. अपुऱ्या दिवसांच्या बालकासाठी मात्र तोच अंगावर पिणे स्थिरावण्याचा आणि वजन भरून काढण्याचा काळ असतो. लक्षणीय बाब अशी की मराठी परंपरेतही बाळंतिणीचा विसावा ‘सव्वा महिन्याचा’ आहे. शेक-शेगडी, अळिवाचे लाडू, माहेरची देखभाल या सर्वांची मुदत जवळपास त्याच सुमारास संपते. शासन आणि परंपरा इतरत्र परस्परांशी भांडत असली तरी चाळिशीच्या दिवसांत दोघेही एकदमच या बालकाच्या घरातून पाय काढतात.

५. परंपरेची दुहेरी बाजू

पारंपरिक बालसंगोपनाला सरसकट अज्ञान ठरविणे जितके चूक, तितकेच त्याचे गौरवीकरणही चूक आहे. बाळंतिणीला खाऊ घालणे, तिला घरकामातून मोकळे ठेवणे, बालकास गुंडाळून उबेत ठेवणे आणि बाहेरच्या माणसांचा वावर मर्यादित ठेवणे या प्रथा अपुऱ्या दिवसांच्या बालकासाठी हितकारक आहेत. त्यांचे धार्मिक स्पष्टीकरण बाजूला ठेवले तरी त्यांचा व्यावहारिक लाभ उरतो.

बाळगुटीची गोष्ट वेगळी आहे. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ, मुरडशेंग यांचे वेढे उगाळून मधातून चाटविण्याची पद्धत आजही अनेक घरांत आहे. अपरिपक्व आतडे, सहाणेची स्वच्छता आणि मधातील जंतुबीजे यांचा विचार करता अशा बालकास ती धोक्याची आहे. परंतु ‘गुटी देऊ नये’ एवढे वाक्य पुरत नाही. गुटी उगाळणे हा आजीचा बालकाशी असलेला संबंध असतो. तो काढून घेताना त्याच्या जागी दुसरे काम दिले नाही, तर गुटी लपून दिली जाते. बालकास काही वेळ छातीशी धरणे, वाटी-चमचा उकळणे, पाजण्याची नोंद ठेवणे ही कामे आजीची होऊ शकतात. निषेधाऐवजी पर्याय देणारे मार्गदर्शन हेच परिणामकारक मार्गदर्शन होय.

उष्टावणाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रूढी आहे. त्यामुळे काही घरांत मुलीला पाचव्या महिन्यातच अन्न चाटविले जाते. ३२व्या आठवड्यात जन्मलेली मुलगी पाच महिन्यांची झाली तरी तिचे सुधारित वय, म्हणजे अपेक्षित जन्मतारखेपासूनचे वय, तीन महिन्यांचेच असते. दिल्लीतील तीन रुग्णालयांत ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकांचा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुधारित वयाच्या चौथ्या महिन्यात पूरक आहार सुरू केलेल्या बालकांचे वजन वर्षाच्या अखेरीस सहाव्या महिन्यात सुरू केलेल्यांपेक्षा अधिक नव्हते. त्यांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. बारीक बालकास लवकर खायला घातले म्हणजे ते लवकर धरते, या समजुतीस हा अभ्यास छेद देतो. शिवाय सम-विषमाचा नियम मुलीच्या पोटावर आधी भार टाकतो, हेही नोंदविले पाहिजे. संस्काराची तारीख पंचांगातून काढताना अपुरे दिवस मिळवून मोजावेत, एवढी तडजोड परंपरेलाही जड जाऊ नये.

६. वरचे दूध आणि भीतीची बाजारपेठ

बालक बारीक आहे, दूध ‘पातळ’ आहे, दूध ‘पुरत नाही’ ही तीन वाक्ये घरी येताच आईच्या कानी पडू लागतात. त्यांतून वरच्या दुधाचा प्रवेश होतो. प्रथम गाईचे दूध पाणी घालून, मग डब्यातील पावडर. पावडर महाग असल्याने ती सांगितल्यापेक्षा कमी घातली जाते आणि बालकाच्या पोटात पाण्याचाच भाग जास्त जातो. पावडर निर्जंतुक नसते, ती किमान ७० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात कालवावी लागते, ही माहिती फार थोड्या घरांत पोहोचते.

भारतात १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने शिशुदुग्धपर्यायांची जाहिरात, मोफत नमुने आणि प्रलोभने यांवर बंदी घातली. डब्यावर मातृदुग्धाच्या श्रेष्ठतेची सूचना बंधनकारक केली. कायद्याने बाजाराची भाषा नियंत्रित केली. भीतीची भाषा मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. ती नातलगांच्या बोलण्यात असते आणि क्वचित घाईत लिहून दिलेल्या चिठ्ठीतही असते. काही बालकांना वैद्यकीय कारणाने पूरक पोषण लागते, हे नाकारण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना मातृदुग्धात पोषकद्रव्ये मिसळण्याचा विचार ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांपुरता सुचविते, सर्वांसाठी नाही. लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची पूरक मात्रा मात्र मातृदुग्धावरील अशा बालकांना, ती अन्य मार्गाने मिळत नसल्यास, देण्याची तिची शिफारस आहे. हा फरक मातेला समजावून सांगितला नाही, तर थेंबांची बाटली संपल्यावर पुन्हा आणली जात नाही आणि पावडरीचा डबा मात्र पुन्हा पुन्हा आणला जातो.

आईचे दूध खरोखरच उपलब्ध नसेल तर दात्या मातेचे दूध हा पर्याय आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पण पेढीचे दूध मुख्यतः रुग्णालयातील बालकांसाठी असते. घरी गेलेल्या बालकास तो दरवाजा सहसा बंद असतो.

७. गृहीत धरलेली माता

या सर्व मार्गदर्शनाच्या मुळाशी एक विशिष्ट माता गृहीत धरलेली आहे. ती घरी आहे, तिला वेळ आहे, तिला पुरेसे खायला मिळते आणि तिचे शरीर पूर्ववत झाले आहे. दर तीन तासांनी दूध पिळणे, ते पाजणे, भांडी उकळणे आणि उरलेल्या वेळात बालकास छातीशी धरणे हे पूर्ण दिवसाचे आणि पूर्ण रात्रीचे काम आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली; पण ती संघटित क्षेत्रापुरती आणि बालकाच्या अपुऱ्या दिवसांची वजाबाकी न करता. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या ‘कोयत्या’तील स्त्रीला हंगाम सोडणे म्हणजे घेतलेल्या उचलीत भर घालणे होय. फडाच्या कडेला झोळीत ठेवलेल्या बालकास ‘वारंवार पाजावे’ ही सूचना अर्थशून्य नाही; पण ती अपूर्ण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या दस्तऐवजात पालकांच्या रजा आणि हक्क यांनी अशा बालकांच्या मातापित्यांच्या विशेष गरजांची दखल घ्यावी, असे नमूद केले आहे. आहारविषयक दस्तऐवजात रजेचा उल्लेख येणे ही या क्षेत्रातील महत्त्वाची वैचारिक प्रगती होय. दूध हा केवळ पोषणाचा नव्हे, तर वेळेच्या वाटपाचा प्रश्न आहे, हे त्यातून मान्य झाले आहे.

निष्कर्ष

१. अकाली जन्मलेल्या बालकांच्या संदर्भात ‘आईचे दूध’ आणि ‘अंगावर पाजणे’ यांतील भेद मार्गदर्शनात स्पष्ट व्हावा, जेणेकरून वाटी-चमच्याने पाजणाऱ्या मातेस आपण अपयशी ठरलो असे वाटणार नाही.

२. घड्याळाकडून बालकाच्या खुणांकडे होणारे संक्रमण हा स्वतंत्र टप्पा मानून त्यासाठी स्वतंत्र सूचना द्याव्यात.

३. गृहभेटींची व पूरक आहाराची कालगणना केवळ जन्मतारखेवरून न करता अपेक्षित जन्मतारखेशीही जोडावी.

४. सूचनापत्रकांतील अनुल्लेखित कर्ता स्पष्ट करावा. पिता, आजी आणि अन्य आप्त यांच्या नावे कामे सांगावीत.

५. परंपरेतील हितकारक प्रथा व परिचित शब्द यांचा स्वीकार करून घातक प्रथांना पर्याय द्यावेत.

अपुऱ्या दिवसांचे बालक घरी येते तेव्हा त्याचे उरलेले दिवस घराने भरून द्यावयाचे असतात. रुग्णालयाने दिलेला कागद आईच्या उशाशी असतो, पण रात्री जागण्याचे काम कागद करीत नाही. त्या जागरणात कोण कोण सहभागी होईल, हे ज्या मार्गदर्शनात लिहिलेले असेल, तेच खऱ्या अर्थाने पूर्ण मार्गदर्शन म्हणता येईल.